बंदुकीच्या दस्त्यावरची खूण

चूक माझी होती, आणि ती अजाणता झाली असं म्हणायची सोय मला नाही. दुसऱ्याच्या वल्ह्यावरची खूण आपण वापरायची नसते, हे आमच्या वाडीत शाळेत जायच्या आधी कळतं. प्रत्येक घराची खूण ठरलेली असते. वल्ह्यावर, जाळ्याच्या लाकडी बोयांवर, ती सुरीने कोरतात. वाहून आलेलं वल्हं किनाऱ्यावर सापडलं, तर ज्याची खूण त्याच्या दारात नेऊन उभं करायचं. आणि कोणी त्यावर रंधा मारून खूण घालवली, तर रापण, म्हणजे सगळ्या वाडीचं मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढताना त्याच्या शेजारी दोरीला कोणी हात लावत नाही. माझ्या लहानपणी एका माणसावर ही पाळी आलेली मी पाहिली आहे. दोरीवर त्याच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी होती.

हे सगळं माहीत असलेला मी युद्धाच्या खेळांसाठी बंदुका बनवतो. पडद्यावरच्या. लाकडाचे रेषे, तेलाचे डाग, घासलेलं लोखंड, असं सगळं बारकाईने करायचं. पुण्याची नोकरी घरून करता येऊ लागली तेव्हा मी गावी आलो, तो परत गेलो नाही. पडवीला लागून माझी खोली आहे. वाडीत मला कम्प्युटरवालो म्हणतात. त्यापुढे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायची लाजच होती.

तो खेळ दुसऱ्या महायुद्धातला, मलाया आणि ब्रह्मदेशाच्या जंगलातला. जपानी बाजूने खेळणाऱ्यांची तक्रार होती की त्यांच्या हातात धडाधड गोळ्या सोडणारं हत्यारच येत नाही. खऱ्या युद्धातही त्यांच्याकडे तशी हत्यारं थोडी होती. पण खेळणाऱ्याला त्याचं काय? मग ठरलं की जपान्यांनी प्रयोगापुरत्या बनवलेल्या बंदुका घालायच्या आणि शत्रूकडून पकडलेल्याही त्यांच्या हातात द्यायच्या. प्रयोगातली एक तर कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली होती की नाही, याचीच खात्री नव्हती. आम्ही तिला थेट माणसं मारायला पाठवलं. बैठकीत चर्चा व्हायची ती एवढीच, की हिच्याने माणूस तीन गोळ्यांत मरावा की चार. मीही त्यात हिरिरीने बोलायचो. चहा पीत.

पकडलेल्या बंदुकांत इंग्रजांच्या हिंदी पलटणींकडची एक ब्रेनगन होती. तिचं मॅगझिन वरून खोचलेलं, विळीच्या पात्यासारखं वाकडं. माझं काम पाहून पुण्यातला आमचा प्रमुख म्हणाला, “दादा, फार कोरी वाटते हो. कुणाच्या तरी हातातून हिसकावलीय असं दिसू दे ना. एखादं खास डिटेल टाका.”

त्याच आठवड्यात शेजारची काकी बांगडे घेऊन आली. तिने जन्मभर मासळी विकली. आता सत्तरी उलटली आहे, तरी वाट्यातले चार मासे आमच्याकडे आणून देते. बायको घरात नव्हती, म्हणून ती माझ्या दारात थांबली आणि पडद्याकडे बघत राहिली.

“इतक्या शिकलस आणि अजून बंदुकेवांगडा खेळतंस रे मेल्या?”

“खेळतंय नाय काकी, करतंय. पोटासाठी.”

“ह्या वरती वाकडा काय खुपसलाहा?”

“त्यात गोळ्ये रवतत.”

ती उंबऱ्यावरच बसली. “माझ्या बापाशीकडे अशीच होती.”

तिचे वडील त्या लढाईत होते हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. कैदेत राहून परत आले, हेही. पुढचं कोणाला ठाऊक नव्हतं. ते तिने मला सांगितलं. ती लहान असताना वडील नव्या वल्ह्यावर खूण कोरत होते आणि ती वल्हं धरून बसली होती. तेव्हा ते एकदाच बोलले होते.

“सगळ्यो बंदुको एकसारख्यो. आपली खंयची ता कळाक होया, म्हणान दस्त्यावर आमची खूण मारल्यान. मगे सिंगापुराक हात वर करूचे लागले. ढिगात टाकल्यान ती. टाकताना खूण वर रवली, असा बापूस म्हणा होतो.” तिने पदराने तोंड पुसलं. “मगे ती जपान्यान उचलल्यान काय? आपल्याच माणसांवर चलली काय? ह्या तेच्या डोक्यातसून मरेपर्यंत गेला नाय. कोणाक सांगा नको हां.”

मी सांगणार नाही म्हणालो, आणि सांगितलं नाहीच. काकीच्या घराची खूण म्हणजे माशाचा अर्धा काटा. एक उभी रेघ आणि तिच्या एकाच बाजूला तीन तिरक्या. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा अख्ख्या काट्याच्याही दोन बाजू वाटून घेतल्या होत्या. ती गेल्यावर मी तो अर्धा काटा त्या बंदुकीच्या दस्त्यावर कोरला. सुरीच्या टोकाने लाकूड कसं उचकटतं ते मला माहीत होतं. रेघेच्या कडांना मळ भरला, हाताच्या घामाने काळवंडल्यासारखं केलं. फार सुंदर झालं होतं. हे लिहितानाही माझ्यातला कारागीर खूश होतो आणि मला त्याची शिसारी येते.

प्रमुख खूश झाला. खेळणारेही खूश झाले. आणि मला वाटलं, काकीलाही बरं वाटेल. बापाची आठवण कुठेतरी राहिली, असं काहीतरी गोड माझ्या डोक्यात होतं. मी तिला दुपारची बोलावून आणलं, खुर्चीवर बसवलं आणि दाखवलं.

तिने खूण लगेच ओळखली. बोट पुढे नेलं, पण पडद्याला लावलं नाही.

“ही कोणाच्या हातात आसा?”

“जपान्याच्या.”

“आनि मारता कोणाक?”

पडद्यावर तेव्हाच झाडीतून फेटे बांधलेले हिंदी शिपाई धावत येत होते. मी घाईने खेळ बंद केला. ती उठली, पडवीतल्या बादलीतलं पाणी घेऊन तिने हात धुतले आणि गेली. तिने कशालाही हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मासे यायचे बंद झाले. बायकोने विचारलं, “काय केलंस तिका? माका बघून वाट बदलता.” मी कामाचा काहीतरी बहाणा सांगितला.

त्याच सुमारास प्रमुखाने मला कौतुकाने एक क्लिप पाठवली. कोणी तरुण खेळणारा माझी बंदूक फिरवून खुणेपाशी थांबतो, म्हणतो, “ही बघा मच्छीवाली,” आणि एका खड्ड्यात अडकलेल्या फेटेवाल्यांवर ती रिकामी करतो. मग हसतो. खाली कॉमेंटमध्येही सगळे हसत होते. मी ती क्लिप पुन्हा पाहिली, कारण पहिल्या खेपेला माझं लक्ष रेघांमधला मळ बरोबर दिसतोय का याकडे होतं. हे कळलं तेव्हा मी उठून मागच्या दारी गेलो आणि चुळा भरल्या. कुजलेल्या बांगड्याची चव तोंडात आली होती आणि जात नव्हती. त्या पोराचा राग करण्यात अर्थ नव्हता. काकीच्या वडिलांना जन्मभर ज्या विचाराने सोडलं नाही, तो विचार मी खरा करून, चकचकीत करून, लोकांना खेळायला दिला होता.

मी प्रमुखाला खूण काढायची म्हणून सांगितलं.

“का हो दादा? लोकांना तेच आवडतंय.”

“ती माझी नाही.”

“म्हणजे? कुठून कॉपी केलीत? काही लफडं आहे का?”

“लफडं नाही. शेजारच्या घरची आहे.”

तो हसला. “शेजारी काय गेम खेळतात का?” पण पुढच्या अपडेटमध्ये बदल घालू दिला. मी दस्ता गुळगुळीत करून टाकला. हलकं वाटलं. ते हलकं वाटणंसुद्धा आता आठवलं की किळस येते.

काकी तेव्हा किनाऱ्यावर सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत घालत होती. मी तिच्यापाशी जाऊन म्हणालो, “काकी, काढून टाकलंय ती. आता खंयच दिसाची नाय.”

तिने मान वर केली. “पुसलंस?”

“होय.”

“रंधो मारलंस.”

मी पायाशी सांडलेलं एक सुंगट उचलून बाकीच्यांत ठेवलं.

“घातलंस तेवा इचारलंस नाय. पुसलंस तेवाय इचारलंस नाय,” ती म्हणाली आणि पुन्हा सुंगटं पसरू लागली.

मी घरी आलो. त्यानंतर कितीतरी दिवस वाटेत ती दिसली की मीच आडोशाला जायचो. वल्हं असतं तर तिच्या दारात उभं करून ठेवलं असतं आणि न बोलता परत आलो असतो. इथे उभं करण्यासारखं काही नव्हतं. खूण परत घालणं म्हणजे ती बंदूक पुन्हा त्याच हातात देणं. न घालणं म्हणजे रंधा तसाच. यातून मार्ग काढायचा मी बराच विचार केला, आणि लक्षात आलं की मार्ग शोधण्याच्या निमित्ताने मी तिच्या दारात जायचं टाळत होतो.

शेवटी एका सकाळी गेलो. ती अंगणात बसून जाळं शिवत होती. मागे भिंतीला टेकवलेल्या जुन्या वल्ह्यावर अर्धा काटा होता, झिजून जवळजवळ सपाट झालेला. तिने बस म्हटलं नाही. जा असंही म्हटलं नाही. मी उभाच राहिलो.

“काकी,” मी म्हणालो, “ती खूण तुझी होती आणि मी इचारल्याशिवाय घेतलंय. तुझ्या बापाशीन जेचो धसको जल्मभर घेतल्यान, ताच मी करून लोकांका दाखवलंय. मगे माझी लाज झाकूक तेच्यार रंधो मारलंय, तोय तुका न इचारता. ह्या मी परत भरून देव शकणय नाय. माझा चुकला, काकी. माका माफ कर.”