पदराच्या गाठीतली अंगठी

नमस्कार मंडळी. इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसलोय. पांढऱ्या साडीतली बाई, रस्त्यात लिफ्ट मागणारी मुलगी, वडाखालचा म्हातारा... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध. घरात देव्हारा नाही, अंगात येणं नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. त्यात माझा धंदाच लोकांना चकवायचा. मला कोण चकवणार, असा माज होता म्हणा ना.

धंदा सांगतो. मी आठवडे बाजारात जादूचे छोटे खेळ विकतो. म्हणजे आधी करून दाखवायचे, मग ते सामान आणि त्यामागची युक्ती विकायची. गायब होणारा चेंडू आणि त्याची डबी, रंग बदलणारा रुमाल, प्लॅस्टिकचा नकली अंगठा, खुणेचे पत्ते. राहायला नगरला, भिंगारच्या बाजूला. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही.) बाजार मात्र जिल्हाभर करतो — घोडेगाव, वांबोरी, काष्टी, मिरजगाव. खेळ सुरू करण्याआधी मी मोठ्यांदा सांगतो, "मंडळी, ही हातचलाखी आहे, यात दैवी काही नाही, कुणी पाया पडायचं नाही!" जादूटोण्याच्या कायद्याची भीती आहेच, पण मला ते म्हणायला आवडायचंही. शाळाशाळांतून बुवाबाजीचे प्रयोग करून दाखवायलाही मी गेलोय. हवेतून अंगारा कसा काढतात ते मला विचारा.

आता या धंद्यातला एक रिवाज सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गर्दीत आपलं एक माणूस उभं असतं, जे आपलं आहे हे कुणाला माहीत नसतं. माझं माणूस म्हणजे माझी बायको, इंदू.

आम्ही एकाच एसटीतून उतरायचो आणि बाजाराच्या तोंडाशी वेगळे व्हायचो. घोळका जमला की ती भाजीची पिशवी घेऊन मागून यायची. साडी मुद्दाम अशी, की कुणाच्या ध्यानात राहू नये — राखाडी, बारीक निळ्या फुलांची. मी गर्दीवर नजर फिरवायचो आणि म्हणायचो, "या ताई, तुम्ही या." ती मागं सरायची. शेजारच्या बाईला म्हणायची, "न्हाई बाई, मला भ्या वाटतं." मग बायकाच तिला ढकलून पुढं करायच्या. मी विचारायचो, "कुठल्या गावच्या ताई?" ती म्हणायची, "सोनईची." "आपली काही ओळख आहे का?" "न्हाई दादा." असं म्हणताना ती इतकी खरी दिसायची की कधी कधी मलाच शंका यायची.

आमचा खास खेळ अंगठीचा. पितळेच्या, लाल खड्याच्या, अगदी एकसारख्या दोन अंगठ्या. एक ती घरून निघतानाच पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायची, दुसरी माझ्याकडे. मी माझी अंगठी रुमालाखाली तिच्या चिमटीत देतोय असं दाखवायचो, पण ती राहायची माझ्या डाव्या तळहातात. रुमाल झटकला की अंगठी गायब. मग म्हणायचं, "ताई, पदराची गाठ सोडा." गाठीतून अंगठी निघाली की लोक चाट पडायचे आणि पाठोपाठ डब्या-रुमाल विकले जायचे. गुपित फुकट सांगतोय, पण आता ठेवून तरी काय करू?

खेळ झाला की तिनं वळून न बघता निघून जायचं. सामान आवरेपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही, खूण करायची नाही, काही झालं तरी ओळख द्यायची नाही. ओळख कळली की धंदा बसला. नंतर स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर भेटायचं. तिथं ती तिची अंगठी पुढं ठेवायची, मी माझी, आणि दोन्ही एका डबीत जायच्या. घरी भांडण झालं की ती मला मुद्दाम दादा म्हणायची. "जेवता का दादा, का उपाशीच झोपता?" मग मी समजायचो, आज प्रकरण गरम आहे.

गेल्या वर्षी तिला कावीळ झाली. आम्ही ती अंगावर काढली आणि ती लिव्हरवर गेली. मिरजगावच्या बाजारात खेळ सुरू व्हायच्या आधीच ती भाजीच्या ओळीत चक्कर येऊन पडली. तिथून जीपनं थेट नगरच्या दवाखान्यात. नळ्या लागल्या, अंगात दवाखान्याचा गाऊन आला. ती राखाडी साडी माझी मेहुणी रंजना घडी करायला लागली, तर पदराला गाठ तशीच होती, आत अंगठी. रंजना सोडायला गेली तेव्हा इंदू म्हणाली, "ऱ्हाऊ दे तशीच. बरी झाले का लगीच बाजारला जायाचंय." साडी पिशवीत गेली, पिशवी कॉटखाली. माझी अंगठी माझ्या सामानाच्या पेटीत होती. हे नीट लक्षात ठेवा.

दिवसेंदिवस ती वाळत गेली. डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टर माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघायचे बंद झाले होते. मी बाजार सोडून वॉर्डाबाहेर बसून राहायचो. एका सकाळी तीच वैतागली. "घोडेगावला जावा आज. हितं बसून माझ्याकडं बघितल्यानं मी उठनार हाय का? रंजी हाय ना." मी नको म्हणालो. ती म्हणाली, "जावा हो दादा." थट्टा करत होती. किती दिवसांनी केली म्हणून मला बरं वाटलं आणि मी निघालो.

घोडेगावचा बाजार मोठा. पलीकडे म्हशींचा बाजार, धूळ, टेम्पोंचे हॉर्न. माझी जागा नबीभाईच्या शेजारी. तो कुलपं, नेलकटर, कात्र्या विकतो, आमची जुनी ओळख, आमचं गुपितही त्याला माहीत. दुपार कलली होती. घोळका जमला, डबी-चेंडू झाला, रुमाल झाला, पण माणसं हलायला लागली होती. हल्ली तसंही अवघड झालंय. हे सगळं मोबाईलवर बघितलंय, असं लोक तोंडावर सांगतात. आणि तेवढ्यात मागच्या रांगेत मला राखाडी साडी दिसली.

इंदू होती.

मला काय वाटलं सांगू? भीती वगैरे काही नाही... आनंद झाला. म्हणालो, डॉक्टरांनी सोडलं हिला, आणि ही बया घरी पडून राहायचं सोडून एसटीत बसून आली! रंजनाला चांगलं झापायचं, हेही मनात ठरवलं. सकाळी जिला पाण्याचा पेला उचलत नव्हता ती दुपारी घोडेगावात कशी, हा विचार शिवलासुद्धा नाही. माणसाला जे हवं असतं तेच तो आधी बघतो. याच्यावर तर आमचा धंदा चालतो.

तोंडातून आपोआप गेलं, "या ताई, तुम्ही या."

ती लाजली नाही. मागं सरली नाही. सरळ पुढं आली. जवळून बघितलं तर गळ्याची हाडं वर आलेली, चेहरा पिवळाच. मी नेहमीसारखं विचारलं, "कुठल्या गावच्या ताई?"

"लांबून आले दादा."

हे आमच्यात ठरलेलं नव्हतं. पण मी खेळ चालू ठेवला. पेटीतून अंगठी काढली, लोकांना दाखवली, रुमालाखाली तिची बोटं चाचपली. बोटं गार नव्हती, हे मुद्दाम लिहितो, कारण अशा गोष्टींत ती गारच असतात. तिची ऊन होती, ताप असल्यासारखी. रुमाल झटकला. अंगठी गायब. टाळ्या पडल्या. "आता ताई, पदराची गाठ सोडा!"

तिनं गाठ मुठीत धरली. "ऱ्हाऊ द्या दादा. घरी गेल्यावर सोडते."

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "गेली का आंगठी! बाई घिऊन चालली!" मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढी तडफडत आलीस ती खेळ बुडवायला का, असं वाटलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "दादा, आपली काही वळख हाय का?"

हा प्रश्न माझा. त्या दिवशी मी तो विचारायचाच विसरलो होतो. मला वाटलं, खेळ फसतोय म्हणून ती सावरून घेतेय, मला माझं वाक्य आठवून देतेय. मी छातीवर हात मारला आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "नाही ताई! आईची शपथ, आयुष्यात पहिल्यांदा बघतोय तुम्हाला!"

परत हशा झाला. ती हसली नाही. "बरं," म्हणाली. आणि वळून न बघता निघून गेली, नियमाप्रमाणे. बांगड्यांच्या दुकानांपर्यंत ती साडी मला दिसत होती. मी गर्दीकडे वळलो आणि डब्या विकायला लागलो.

मग अंगठी खिशात टाकायला डावी मूठ उघडली, तर मूठ रिकामी. चादर झटकली, रुमाल उलटा केला, बाही बघितली. नबीभाई पलीकडून म्हणाला, "वहिनी आल्त्या ना? लई वाळल्यात वो. कशाला आनलं एवढ्या उन्हाचं?" मी म्हणालो, मी कुठे आणलं, तिचीच हौस.

टपरीवर गेलो. ती नव्हती. येईल म्हणून दोन चहा सांगितले, तिच्या कपावर बशी झाकून ठेवली. खेळाच्या वेळी फोन सायलेंट करून पेटीत टाकायची सवय, तो बाहेर काढला तर रंजनाचे कितीतरी मिस्ड कॉल. मी लावला.

"दाजी... कवाधरनं फोन करते. ताई गेली ओ."

"हो, इकडंच आलीय ती," मी म्हणालो. "चहा सांगितलाय."

पलीकडून रंजनाचं रडणं ऐकू यायला लागलं. मी फोन कानाला धरून त्या बशीकडे बघत उभा होतो.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तिला न्यायची तयारी चालली होती. गाऊनमध्ये नको न्यायला म्हणून रंजनानं कॉटखालची पिशवी ओढली, राखाडी साडी काढली. रंजना दिवसभर तिथून हललेली नव्हती. पिशवी तिच्या पायाशीच होती आणि कुणी हात लावला नाही, हे तिनं मला रडत रडत परत परत सांगितलं. पदराची गाठ तिनंच सोडली. मग उघडा तळहात माझ्यापुढं केला.

"दाजी, ह्या दोन कशा?"

दोन्ही लाल खड्याच्या. दोन्ही आमच्या.

इथं अनुभव लिहिणारे शेवटी म्हणतात की कुणी स्पष्टीकरण देईल का. मी स्वतःच खूप देऊन बघितली. अंगठी गाठीत पोहोचवायच्या तीन तऱ्हा मला येतात. पण त्यातली एकही घोडेगावातून नगरच्या वॉर्डात पोहोचत नाही. मिरजगावला निघतानाच इंदूनं चुकून दोन्ही अंगठ्या गाठीत बांधल्या असतील? मग त्या दुपारी घोळक्याला दाखवली ती कुठली? दुसरीच कुणी बाई असेल, माझ्या डोक्यानं तिला इंदू केलं असेल? नबीभाईला विचारलं. इंदू गेल्यानंतरच्या जलदान विधीला आला तेव्हा तो म्हणाला, "मी लांबून बघितलं. वहिनीच वाटल्या, पन आता शपथेवर सांगता येत न्हाई." समोर दोघं-तिघं मोबाईलवर शूटिंग करत होते. ते व्हिडिओ मी शोधायला घेतले आणि मग सोडून दिले. त्यात ती नसली तर मी वेडा ठरलो. आणि असली तर माझं ते उत्तर मला माझ्या कानांनी परत ऐकावं लागेल.

अमानवीय काय होतं, कसं घडलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि खरं म्हणजे मला ते नकोही आहे. मला एवढंच छळतं. एवढ्या लांबून ती आली आणि तिनं एकच गोष्ट विचारली. तिला ठाऊक होतं मी काय म्हणेन, नियम आम्ही दोघांनी मिळूनच केला होता. तरी तिनं विचारलं. एक शब्द बोललो असतो, इंदू एवढाच... धंदा बसला असता, लोक हसले असते. बसू दे की. हसू दे की. रात्री-दिवसा कधीही एकटा असलो की मी तिला उत्तर देतो, पण आता विचारणारं कुणी नाही.

दोन्ही अंगठ्या डबीत आहेत. तो खेळ मी परत केला नाही. बाकीचे करतो, पोट आहे. पण गर्दीतून एखाद्या बाईला पुढं बोलावलं की जुन्या सवयीनं तो प्रश्न तोंडातून जातोच. "ताई, आपली काही ओळख आहे का?" पूर्वी मी उत्तरासाठी थांबायचो नाही, ते ठरलेलंच असायचं. आता थांबतो. तिच्या चेहऱ्याकडे बघत थांबतो.

"न्हाई दादा," म्हणतात. सगळ्या खरंच बोलतात.