मेलेल्या गाईची हजेरी

आमच्या गावात एखाद्या बाईच्या अंगात आलं की मी म्हणते, हिला एक हंगाम ऊसतोडीला न्या, आपोआप उतरतंय. भूत, करणी, उतारा... यातलं मी कधी काही मानलं नाही, आजही मानत नाही. मानत असते तर भूत होतं म्हणून मोकळी झाले असते आणि गप झोपले असते. मानत नाही म्हणूनच अडकून बसलेय.

शाळा माझी चौथीपर्यंत. लिहिलंय मी, टाइप नातीनं केलंय. तिला सांगून ठेवलंय, एक शब्द बदलायचा नाही.

आमचं गाव शिरूर कासारजवळ. दुष्काळाचं साल होतं. विहिरी आटल्या, कडबा संपला, तेव्हा गावातल्या दूध सोसायटीनं माळावर चारा छावणी घातली. जनावरांसोबत माणसंही तिथंच राहायला. माझी एकच गाय — चांदी. डावं शिंग खाली वाकलेलं, लांबूनही ओळखू यावी अशी.

नात शुभांगी बीडला कॉम्प्युटरच्या कॉलेजात. तिथं नियम असा की कुठंतरी जाऊन खरं काम करायचं — त्याला इंटर्नशिप म्हणतात — आणि त्याचे क्रेडिट मिळतात. क्रेडिट म्हणजे मार्कासारखंच, पण पेपर न लिहिता, काम करून मिळवायचे. ते नाही मिळाले तर पुढच्या वर्गात जाता येत नाही. बाकीची पोरं पुण्याला कंपन्यांत गेली. माझा लेक, म्हणजे शुभीचा बाप, म्हणाला, "एकटी पोरगी पुण्याला जायची न्हाई. आन् इथं काय जमलं न्हाई तर कॉलेज बास. स्थळ बघून ठिवलंय." मग शुभी सोसायटीत गेली आणि म्हणाली, छावणीचं काम मी मोबाईलवर आणून देते.

काम असं. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो. शुभी रोज दुपारी दावणीनं फिरायची. बिल्ल्यावर मोबाईल धरला की जनावराचं नाव उमटायचं, मग फोटो काढायचा, की लागली हजेरी. हजेरी लागली तर चारा. फोटो फक्त शुभीच्याच मोबाईलातून निघायचा, दुसऱ्या कोणाच्या नाही.

चांदी मेली. उन्हानं बसली ती उठलीच नाही. छावणीवर येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या कानातला बिल्ला कापून शुभीच्या हातात दिला. जेसीबीनं कोरड्या तळ्याच्या कडेला खड्डा केला. माती पडेपर्यंत मी तिथं उभी होते. शुभीनं मोबाईलातून तिचं नाव काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी भाकरी खात होतो. शुभीनं मोबाईल बघितला आणि घास तसाच हातात राहिला.

"आजे, चांदी हजर दावतंय."

"जुनं असंल."

"आजचं हाय. फोटू बी हाय."

फोटोत चांदी. तिच्याच खुंट्याला, शिंग वाकलेलं. वर सावलीला बांधलेली हिरवी नेट मधोमध फाटलेली... आणि ती नेट त्याच सकाळी वावटळीनं फाटली होती. म्हणजे जुना फोटो नाहीच. मी उठून खुंट्यापाशी गेले. खुंटा होता, फाटकी नेट होती, गाय नव्हती. मला भीती नाही वाटली. राग आला — कोणाचा ते कळेना.

शुभी तडक सोसायटीच्या सेक्रेटरीकडं गेली. "बापूकाका, मेलेलं जनावर हजेरीत कावून घुसडलं?"

बापू म्हणाला, "अगं बाई, मला मोबाईलवर लग्नाची पत्रिका उघडता येत न्हाई, मी गाय घुसडू व्हय?" मग माझ्याकडं वळून दात काढत, "मावशे, तूच सांगून आली असशील गाईला, चाऱ्याच्या टायमाला येत जा म्हणून."

"तुला पुरलं असतं तर तूबी आला असतास की चाऱ्याला," मी म्हणाले.

शुभीनं नाव परत काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत हजर. मग रोजच.

त्यातच निरोप आला, कॉलेजातले सर काम बघायला येणार. मेलेली गाय हजर दिसली म्हणजे सगळी हजेरीच बोगस. बोगस कामाला क्रेडिट कोण देईल? मी म्हणाले, "सर जाईस्तोवर तेवढं झाकून ठिव."

"झाकून क्रेडिट घेऊ? मग ते क्रेडिट कशाचं, आजे? झाकल्याचं?" असं म्हणाली आणि निघून गेली. हिचं शहाणपण हिला घरी बसवणार, असं मला वाटलं.

सर आले. तरुणच होते, घामानं भिजलेले. शुभीनं आपणहून सगळं सांगून टाकलं. ते हसले. "भूत नाही, बग आहे," म्हणाले. बग म्हणजे प्रोग्रॅममधली चूक. माझ्या बाजेवर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन शोधत राहिले. हसू कमी कमी होत गेलं. शेवटी त्यांनी स्वतः चांदीचं नाव काढलं, शुभीचा मोबाईल बंद केला आणि आपल्या शर्टाच्या खिशात घातला. "आता बघू."

मी चहा केला. बशीत ओतून सरांच्या शेजारीच बसले. शुभी समोर खाली.

लॅपटॉप टुंग वाजला.

चांदी हजर. पण या वेळी ती एकटी नव्हती. शेजारी मी होते. अंगावर हेच लुगडं, पदराला त्याच दिवशी सकाळी लावलेलं काळं ठिगळ. आणि माझा हात गाईच्या गळ्याखाली, खाजवत असल्यासारखा.

सरांनी फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. खिसा चाचपला. मोबाईल तिथंच होता, बंद. मग ते हळू आवाजात म्हणाले, "आजी, हा फोटो हिनं जोडून बनवलाय का, एवढंच मला ठरवायचंय. बनवलेला असेल तर मला क्रेडिट देता येणार नाहीत. तुम्ही सांगा... नुसतं तोंड तुमचं चिकटवलंय, का ही बाई खरंच तुम्हीच आहात?"

शुभी माझ्याकडं बघत नव्हती. मातीत बोटानं रेघा ओढत होती.

मी फोटो नीट बघितला. तोंड माझं. ठिगळ माझं, टाके माझे. पण मी जनावराला कधी कुरवाळलेलं नाही. वैरण टाकायची, पाणी दाखवायचं, धार काढायची — बास. त्या बाईनं जसा हात लावला होता, तसा मी माझ्या लेकालासुद्धा कधी लावला नाही.

"मीच हाय," मी म्हणाले. "माझं लुगडं मला वळखू येत न्हाई व्हय? लिवा तुमचं काय लिवायचं ते."

सरांनी सही केली. खाली एक ओळ जास्तीची लिहिली — एका नोंदीचं कारण समजलं नाही. क्रेडिट मिळाले. शुभी पुढच्या वर्गात गेली, स्थळ माघारी गेलं. छावणी उठेपर्यंत चांदी परत एकदाही हजर झाली नाही. का नाही झाली, तेही माहीत नाही.

ती गाय कुठून यायची ते राहू द्या. माझं अडलंय ते दुसरीकडंच. मी सरांना "मीच हाय" म्हणाले... ते पोरीसाठी खोटं बोलले, का खरं बोलले, हे मला आजवर कळलेलं नाही.