हा शेवटचा डाव

इथे लोक लिहितात ते अनुभव मी चहाबरोबर बिस्किट खावं तसे वाचते. आवडीनं, पण विश्वास शून्य. भुतंखेतं, शकुन, स्वप्नात येऊन सांगून जाणारे आजोबा… सगळ्याला नाक मुरडणारी मी. त्यात नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचाच पगार मिळतो. तरी हे लिहितेय. हसायचं तर हसा, मीही हसले असते.

आम्ही आयर्लंडमध्ये ॲथलोनला राहतो. २०२० च्या फेब्रुवारीत आई मिरजेहून आली आणि लॉकडाऊनमध्ये अडकली. थंडी नको म्हणून बाबा आलेच नव्हते, ते तिकडे एकटे. आईचं परतीचं तिकीट दोनदा रद्द झालं.

तिचा वेळ जाईना. माझी लेक इरा तिला एकेक भारी गेम दाखवायची, पण आईच्या मते ती सगळी डोकेदुखी. तिला आवडला तो फुली-गोळा. ब्राउझरमध्ये उघडणारं जुनाट पान – हिरवी पाटी, नऊ घरं, बास. ना लेव्हल, ना पॉइंट्स. मिरजेतही रोज दुपारी चहा उकळेपर्यंत आई-बाबा जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर हेच खेळायचे. आईची फुली, बाबांचा गोळा. आई म्हणायची, "हं, हा शेवटचा," आणि तो डाव बाबा मुद्दाम हरायचे. तिची ओळ अडवायची सोडून खालच्या ओळीतल्या मधल्या घरात गोळा काढायचे आणि वर "अरेच्चा!" म्हणायचे. लग्नापासूनचं नाटक, घरात सगळ्यांना पाठ.

कॉम्प्युटर मात्र हरत नसे. दोघंही चुकले नाहीत तर या खेळात बरोबरीच होते, आणि तो चुकत नाही. आई सवयीनं "हा शेवटचा" म्हणायची, बरोबरी व्हायची. "मेल्याला माणुसकी नाही," म्हणून ती लॅपटॉप मिटायची.

सप्टेंबरमध्ये बाबांना कोविड झाला आणि बघता बघता व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. आत कुणालाच सोडत नव्हते. माझा चुलतभाऊ अभय डॉक्टरांशी बोलून रोज दुपारी आम्हाला फोन करायचा. आई त्या फोनची वाट बघत खेळत बसायची. हात कशात तरी गुंतलेले बरे.

व्हेंटिलेटरच्या पहिल्याच दिवशी ती "हा शेवटचा" म्हणाली… आणि जिंकली.

मी शेजारीच ऑफिसचं काम करत होते. कॉम्प्युटरचा गोळा पडला होता खालच्या ओळीतल्या मधल्या घरात.

"आजी, दॅट्स इम्पॉसिबल!" इरा ओरडली.

आईनं पदरानं स्क्रीन पुसली. "हे आहेत," एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

मला अर्थातच बग वाटला. त्या पानाचा कोड मी उघडून वाचला. इतका छोटा की चूक लपायला जागाच नाही. मी खेळले, इरा खेळली, "हा शेवटचा" असं मोठ्यानं म्हणूनही खेळलो. बरोबरी, बरोबरी, बरोबरी. पुन्हा करून दाखवता आला नाही तर आमच्यात तो बग कुणी मान्य करत नाही. आई मात्र रोज शेवटचा डाव जिंकत होती. आणि अभय रोज एकच सांगत होता – "आहे तसंच आहे गं ताई."

मग एके दुपारी आई म्हणाली, "हं, हा शेवटचा." बरोबरी.

तिनं पुन्हा एक डाव लावला. "हा शेवटचा." बरोबरी. ती माझ्याकडे बघत राहिली. काही न मानणारी मी, पण मीही हातातलं काम बाजूला सारलं. तेवढ्यात फोन वाजला. आई म्हणाली, "तू घे. माझ्यानं होणार नाही."

"ताई," अभय रडत होता, "काका शुद्धीवर आले. नळी काढली. काकूंना विचारतायत."

मी ते ओरडूनच सांगितलं. आई तिथंच, त्या हिरव्या पाटीसमोर, हमसून हमसून रडली.

बाबा घरी आल्यावर दोघं व्हिडिओ कॉलवर फुली-गोळा खेळली. आईनं "हा शेवटचा" म्हटलं आणि बाबांचा गोळा पडला तो त्याच घरात. आवाज बसलेला, तरी "अरेच्चा!" झालंच. हॉस्पिटलमधलं त्यांना काहीही आठवत नाही. विचारलं की म्हणतात, "झोपलो होतो गं." आईनं त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही, आणि मलाही सांगू दिलं नाही.

योगायोग म्हणा, मी वाद घालणार नाही. २०२१ मध्ये आई मिरजेला परत गेली. ते पान अजून तसंच चालू आहे. इरा विचारते, इतका बोअर गेम तू रोज का खेळतेस? मी चहा होईपर्यंत एक-दोन डाव खेळते, मग हळूच म्हणते, "हा शेवटचा."

बरोबरी होते. म्हणजे बाबा तिकडे घरीच आहेत. मी लॅपटॉप मिटते, आणि मगच चहा घशाखाली उतरतो.