आबांच्या मापाची सीट

गोठ्यात पाणी मारलेलं होतं, त्यावरून आबांचा पाय घसरला आणि उजवा खुबा मोडला. माझे वडील तेव्हा सत्तरीच्या पुढं गेलेले. तरी शेळगावच्या घरी सकाळची धार तेच काढायचे आणि दुधाचा कॅन सायकलला अडकवून डेअरीला जायचे. त्या दिवशी दूध तसंच राहिलं. माझ्या भावानं शेजाऱ्यांची जीप आणली, मागच्या सीटवर गादी टाकली आणि त्यांना बारामतीला आणलं.

मी बारामतीत राहते. घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. ऑपरेशन झाल्यावर आबा आमच्याकडंच राहिले. आधी वॉकर, मग काठी. दुकानात खुर्ची टाकून बसायचे आणि ब्लाउजची मापं द्यायला बायका आल्या की उठून आत जायचे. तेवढाच त्यांचा व्यायाम, असं माझा नवरा म्हणायचा.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, की उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा आखूड झालाय. फार नाही, अंगठ्याच्या जाडीइतका. बुटात टाचेखाली घालायला त्यांनी एक गादी दिली. आबांनी जन्मात कधी बूट घातले नव्हते. त्यांना कातडी चप्पल लागायची. ती गादी माझ्या कपाटावर पडून राहिली.

डॉक्टरांना आबांनी स्वतःहून एकच प्रश्न विचारला.

"सायकल कवा चालवायची?"

डॉक्टर हसले. "हाड जुळलं की चालवा. पण तो पाय मागून वर टाकायचा नाही. आणि पडायचं तर अजिबात नाही."

एवढं ऐकून आबा शेळगावला गेले.

त्यांची सायकल म्हणजे उंच, काळी, दांडीची. तिच्यावर बसायचं तर डावा पाय पायडलवर ठेवून उजवा मागून कॅरिअरवरून टाकावा लागे, आणि नेमकं तेच बंद झालेलं. तरी एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून त्यांनी ओट्याला सायकल लावली आणि ओट्यावरून बसायला गेले. भाऊ शेतातून तेवढ्यात आला म्हणून निभावलं. त्यानं सायकलसकट आबांना धरलं. मग दोघांचं वाजलं.

"आबा, कुठं जायचं ते सांगा की. मी सोडतो गाडीवर. न्हाय म्हणलोय का कधी?"

"तू सोडशील रं. मला म्हाईतंय."

"मग?"

आबा काठी टेकत आत गेले. आईनं मला हे सगळं फोनवर सांगितलं. म्हणाली, "माणूस जेवतंय, खातंय, पर सारखं त्या सायकलीकडं बघत बसतंय. तूच काय तर कर."

माझ्या मुलीची सायकल आमच्या जिन्याखाली धूळ खात होती. मुलगी पुण्याला शिकायला गेली, तेव्हापासून त्या सायकलला कुणी हात लावला नव्हता. मधली दांडी नसलेली, जांभळ्या रंगाची, पुढं जाळीची बास्केट. मी ती पुसली, हवा भरून घेतली आणि ओळखीच्या टेम्पोत टाकून रविवारी शेळगावला नेली.

आबांनी ती भोवती फिरून पाहिली.

"बायकांची हाय ही."

"दांडी नाही म्हणून आणली. पाय नुसता मधनं पलीकडं टाकायचा."

"ती डालगी तरी काढ पुढची."

आई दारातून म्हणाली, "राहू द्या. कोथिंबीर आणायला बरी." बास्केट राहिली.

पहिल्या दिवशी आम्ही सीट अगदी खाली केली. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत, असं माझं मत होतं आणि भावाचंही. पडायची भीती होती ना. आबा बसले, पायानं ढकलत अंगणात गेले, मग पायडल मारलं. सायकल चालली. आई तोंडाला पदर लावून बघत होती. गुडघे एवढे वर येत होते, की हँडलला लागत होते. पण चार महिन्यांनी माणूस सायकलवर बसला होता, म्हणून आम्ही कुणी हसलो नाही.

पुढच्या आठवड्यात आबांचा फोन आला. "गुडघं धरल्यात. दोन्ही."

मी भावाला सीट वर करायला सांगितली. त्यानं नट ढिला करून सीटची नळी वर ओढली, तर ती थोडीशीच वर आली. नळीवर एक खूण असते, तिच्या वर ओढायची नाही, नाहीतर नळी वाकते किंवा निसटते. सायकल मुलीच्या मापाची, आबा उंच. मी बारामतीत सायकलच्या दुकानात जाऊन तेवढ्याच जाडीची पण लांब नळी घेतली आणि सीटही बदलली. मुलीची अरुंद, कडक होती. ही रुंद, खाली स्प्रिंगा असलेली. दुकानदारानं सांगितलं ते लक्षात ठेवलं: टाच पायडलवर ठेवून पायडल खाली नेलं की पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजानं चालवताना गुडघा जरासा वाकलेला राहतो. तेवढीच उंची ठेवायची.

सोपं वाटलं. पण कुठल्या पायाची टाच? तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नाही. आबांनी डाव्या पायावर माप दिलं, कारण तो धड होता, आणि मीही त्याच मापावर नट आवळला.

आता गुडघ्याचं थांबलं आणि कंबर सुरू झाली. शिवाय मांडीला आतून सोलवटून निघालं. ते आबांनी मला नाही, आईला सांगितलं आणि आईनं मला. आईच्या मते आता बास झालं होतं. भाऊही म्हणाला, "ताई, तू उगं नाद लावलायस त्यांना."

पुढच्या रविवारी मी गेले आणि आबांना म्हणाले, माझ्यासमोर चालवा. घरापुढच्या पांदीनं ते निघाले. मी मागून चालत होते. लोकांच्या पाठीकडं बघणं हा माझा रोजचा धंदा. एक खांदा उतरता असला, कंबर एका बाजूला झुकलेली असली, तर कपडा घालायच्या आधीच मला कळतं. आबांचा सदरा मागून बघितला तर तो प्रत्येक फेऱ्याला उजवीकडं खाली जायचा आणि परत वर यायचा. उजवं पायडल खाली गेलं की त्यांचा पाय पुरत नव्हता, म्हणून ते अख्खं बूड सीटवरून घसरवत होते. सदऱ्याची एक बाजू दुसरीपेक्षा खाली लोंबायला लागली म्हणजे दोष सदऱ्यात नसतो.

"आबा, उजवा पाय पोचत न्हाय तुमचा."

"पोचतो की."

"तुमी घसरून पोचवताय."

थांबले. पाय टेकून सीटकडं बघितलं. "मग कर खाली."

सीट उजव्या पायाच्या मापानं खाली केली. कंबर बरी झाली. डावा गुडघा दुखायला लागला. मग दोन्हीच्या मधे ठेवून पाहिली, तर दोन्ही थोडं थोडं दुखलं. सीटचं टोक जरा खाली वाकवलं, तर हातावर भार येऊन मनगटं भरून आली. परत सपाट केलं. सीट पुढं सरकवली, मागं सरकवली. पान्हा आता ओट्यावरच पडलेला असायचा. शेवटी एका संध्याकाळी आबांनी सायकल गोठ्याच्या भिंतीला लावली आणि तिच्यावर पोतं टाकलं. फोनवर मला म्हणाले, "नगं आता. वय झालं माझं."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी माझ्याकडून एका बाईच्या ब्लाउजची बाही उलटी जोडली गेली.

त्यानंतर मी गेले तेव्हा सायकलचा विषय काढला नाही. आबाच बोलले. ओट्यावर आम्ही दोघंच होतो. कालव्याच्या पलीकडं वस्तीवर त्यांचे एक सोबती राहतात. दोघांच्याही घरी पूर्वी मेंढरं होती. लहानपणी दोघांनी एकत्र राखलेली. पुढं मेंढरं गेली, शेती आली, दोघांचा ऊस एकाच कारखान्याला जायला लागला. त्या सोबत्यांना लकवा झालाय. बोलता नीट येत नाही. आबा पडायच्या आधी रोज डेअरीवरून परस्पर त्यांच्याकडं जात.

"भाऊ नेतो की तुमाला," मी म्हणाले.

"नेतो. दोनदा नेलं. त्यो बाहेर गाडीवर बसतो, मोबाईल बघत. त्याला कामं असत्यात, त्याचं काय चुकलं? पर ह्या गड्याला एक शबूद बोलाया येळ लागतो. त्यो निम्मं बोलतोय तंवर मला उठायला लागतं. दुसऱ्याच्या गाडीवर गेलं की दुसऱ्याच्या येळंनं उठायचं."

 मी पोतं काढलं आणि सायकलची हवा बघितली. चाकं बसली होती. पंपानं भरून ठेवली आणि बारामतीला आले.

उत्तर सापडलं ते चिखलात. उसाला पाण्याची पाळी होती आणि आबा पाणी वळवायला, दारं धरायला नाही, नुसतं बघायला म्हणून गेले होते. काठीपेक्षा सायकल धरून चालणं त्यांना सोपं पडायचं, म्हणून ती बरोबर होती. आमचं रान काळ्या मातीचं. ओल्या सरीत पाय टाकला, की चपलेखाली मातीचा जाड थर बसतो. बांधावर येऊन त्यांनी दगडावर डावी चप्पल खरवडली. उजवी खरवडायला एका पायावर उभं राहावं लागलं असतं, ते जमेना. तशीच राहू दिली. बांधापासून घरापर्यंतची वाट थोडी उताराची, म्हणून सायकलवर बसले आणि दोन पायडलं मारली.

मला फोन आला तेव्हा मी कातरी चालवत होते.

"बूड हललं न्हाय," आबा म्हणाले.

"काय?"

"सीटवर बूड हललं न्हाय माझं. आगं, चिखूल हाय उजव्या चपलेला. तेवढाच पाय लांब झाला."

अंगणात आल्यावर त्यांनी ती चप्पल न खरवडता तशीच उन्हात ठेवलेली, माती वाळेपर्यंत. आईनं पायपुसण्यावरून आरडाओरडा केला तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, की या चपलेला कुणी पाणी लावायचं नाही. मी गेले तेव्हा ती माती तशीच होती. मी टेपनं जाडी मोजली.

मग काम सरळ होतं. चपलेला तळ वाढवायचा की पायडलला? चप्पल वाढवली तर चालताना ठीक, पण आबा कधी चप्पल घालून तर कधी अनवाणीच सायकलवर बसणारे. पायडलच वाढवायचं ठरलं. गावातल्या पंक्चरवाल्यानं जुन्या टायरचे तुकडे कापून एकावर एक लावले आणि बोल्टानं उजव्या पायडलला पक्के केले. आधी एकाच बाजूनं लावले, तर जड बाजू आपोआप खाली फिरायची आणि पायाखाली मोकळी बाजू यायची. आबांनी दोन फेऱ्यांतच शिव्या घातल्या. मग दोन्ही बाजूंनी लावले.

सीट आम्ही परत पहिल्यापासून बसवली. भाऊ सायकल धरून उभा, आबा वर बसलेले, मी खाली उकिडवी. डावी टाच, पाय सरळ. उजवी टाच, पाय सरळ. थांबताना सीटवरून पुढं उतरून पाय टेकायचा, हे त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मी नट आवळला आणि ते पांदीनं निघाले. मी मागून सदऱ्याकडं बघत राहिले. सदरा सरळ होता.

"ताई, रडतीयस का काय?" भाऊ म्हणाला.

"धूळ गेली," मी म्हणाले. धूळ होतीच.

आबा पांदीच्या टोकाला पोचले आणि वळले नाहीत. भावानं मोटरसायकलची किल्ली काढली. मी त्याचा हात धरला. आईनं आतून विचारलं, "गेलं कुठं?" विचारलं खरं, पण तिलाही माहीत होतं.

अंधार पडायच्या आत ते आले. जाळीच्या बास्केटमध्ये सोबत्यांच्या सुनेनं दिलेली वांगी होती. हातपाय धुऊन ओट्यावर बसले. मी विचारलं, कंबर?

"बरी हाय."

"गुडघा?"

"बरा हाय."

"आणि ते काय म्हणाले?"

"लई बोलला आज," आबा म्हणाले. "एका मेंढीचं सांगत हुता. आमची काळतोंडी हुती एक, पळायची सारखी. निम्मं त्यानं सांगितलं, निम्मं मी."

ही गोष्ट गेल्या वर्षीची. आबा आता रोज जातात. दूध मात्र भाऊच नेतो. एवढं त्यांनी ऐकलं. सायकलला गावात सगळे ओळखतात, कारण ती जांभळी आहे, आणि ती कुणी मागत नाही, कारण एकदा एक जण घेऊन गेला आणि अर्ध्या वाटेवरून हातात धरून परत आला. पायडल वाकडं झालंय म्हणाला.

परवा मी गेले होते. डेअरीवरून ताक आणायचं होतं, भाऊ घरी नव्हता. मी म्हणाले, आबा, मी जाते सायकलवर, फक्त सीट थोडी खाली करते, येऊन परत करून ठेवीन. त्यांनी ओट्यावरचा पान्हा उचलला आणि मांडीखाली घेतला.

"सीटला हात लावायचा न्हाय."

"अहो, मीच आणलेली सायकल आहे ती."

"आसंल. डेअरी काय लांब न्हाय. जा चालत."

मी चालत गेले.