परत होऊं दे
काल लेकीच्या गॅदरिंगला मिशी चिकटवायच्या स्पिरिट गमचा वास आला आणि मी थेट संगमेश्वराकडच्या आमच्या वाडीत, शिमग्यातल्या नाटकाला जाऊन बसले.

नाटक चाकरमान्यांनी बसवलेलं, नायिकेच्या कामाला तेवढी बाहेरून नटी आणलेली. खोत तिचा पदर ओढतो आणि नायक, म्हणजे माझा चुलतभाऊ बाळूदादा, धावत येऊन तिला सोडवतो, असा प्रवेश होता. पदर सुटला तशा शिट्ट्या सुरू झाल्या. घरात कधी आवाज न चढवणारे माझे काका उठून ओरडले, "परत होऊं दे रे." चांगल्या पदाला मिळावा तसा त्या प्रवेशाला वन्स मोअर मिळाला. बाईने पदर उचलला, पिन लावली आणि पुन्हा उभी राहिली. "तिकडं बघू नको," आई मला म्हणाली, पण स्वतः बघत राहिली.

तिसऱ्यांदा पदर ओढला तेव्हा ती आपलं वाक्य सोडून विंगेकडे बघत नुसतं "पुरे" म्हणाली.

नाटकात वाईट माणूस खोत एकटाच, असं मी तेव्हा धरून चालले होते. आम्ही बायका विंगेच्या अंगाला बसलो होतो, त्यामुळे बाळूदादा मला स्पष्ट दिसत होता. तो हातात काठी घेऊन तयार उभा होता आणि हसत होता.