अक्काची कपाशीची बाग

अक्का गेली तेव्हा तिचं चित्रांचं पुस्तक तयार होतं, छापायचं तेवढं राहिलं होतं. माझी ही थोरली बहीण धरणगावजवळच्या खेड्यात बालवाडी चालवायची. तिथे आलेल्या पुस्तकांमधल्या बागेत ट्यूलिप असायचे, पांढरं कुंपण असायचं, आणि टोपी घातलेली मुलगी झारीने पाणी घालत असायची. मुलं पानं उलटायची आणि पुस्तक बाजूला ठेवायची. म्हणून अक्काने स्वतः बाग काढली. त्यात भेंडीचं फूल होतं, तिळाचं होतं, केळफूल होतं, आणि मधोमध दोन पानं भरून कपाशी. एकाच झाडावर एक फूल पिवळसर, दुसरं गुलाबी. कपाशीचं फूल फिकट पिवळं उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

ती चित्रं मी धुळ्याला एका प्रकाशकांकडे नेली. त्यांनी सगळी नीट पाहिली आणि कपाशीवर थांबले.

"ताई, हे काढून गुलाब घालू."

"का?"

"कपाशी पीक आहे. बागेत कोण लावतं? त्यात एका झाडाला दोन रंग. शहरातले पालक म्हणतील, चित्रच चुकलं."

"खाली एक ओळ लिहू."

"मुलं ओळ वाचत नाहीत आणि पालक वाचून भांडतात." ते हसले. "शेत तर ती पोरं रोज बघतात. पुस्तकात तरी बाग बघू द्या."

"रोज बघतात म्हणूनच काढलंय तिने."

त्यांनी आवाज मऊ केला. "बहिणीचं नाव मुखपृष्ठावर ठळक छापतो. तेवढीच आठवण."

इथे मी डगमगले. तेरावं झाल्यापासून घरात तिचं नाव कुणी मोठ्याने घेत नव्हतं. ते छापलेलं पाहायला मला फार हवं होतं. पण त्या मुलांच्या आया याच कपाशीत निंदणीला वाकलेल्या असतात, आणि मुलं बांधावरच्या झोळीत वाढतात. ही मुलं जिथे वाढली ती जागा बागेत बसत नाही, हे अक्काच्या नावाखाली छापून घ्यायचं?

"गुलाब नको," मी म्हटलं आणि चित्रं कापडात गुंडाळली.

"हट्टी आहात हो."

"दोघीही."

मग मी झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत प्रती काढल्या, घरीच सुईदोऱ्याने शिवल्या, आणि वरती अक्काचं नाव माझ्या अक्षरात लिहिलं. पहिली प्रत तिच्याच बालवाडीत नेली. कपाशीचं चित्र आलं तशी एक मुलगी पुढे सरकली आणि दोन्ही हात पानावर ठेवून बसली. "हाई ते आमनी कपाशी शे," ती अहिराणीत म्हणाली. नव्या बाई म्हणाल्या, "ताई, पुढचं पान घ्या, वेळ होतोय." मी घेतलं नाही.

आता शेजारच्या गावासाठी प्रती शिवते आहे. टाके वाकडे येतात. येऊ देत.