खुशालच्या अॅम्बॅसडरचं गळकं सील

खुशालचा गाडीवर भारी जीव, यात वाद नाही. पण त्याहून जास्त जीव होता तो स्वतःच्या बडबडीवर. जवाहरनगरातल्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्यांची जुनी अॅम्बॅसडर त्याने घेतली आणि अड्याळच्या स्टँडवर भाड्याने लावली. कोणाची बाई अडली, चला भंडाऱ्याच्या दवाखान्यात. कोणाचा नवरदेव मिरवायचा, बोलवा खुशालला. गाडी कुरकुरली की तो कारध्याला बाबुलाल मिस्त्रीकडे जायचा. दोघं एका ताटात जेवणारे दोस्त.

अठ्ठ्याहत्तरची दिवाळी आटोपली आणि गाडी पुढून तेल टाकू लागली. इंजिनाच्या पुढच्या पुलीमागे एक रबरी कडं असतं, आतलं तेल आत ठेवणारं. त्यालाच ऑइल सील म्हणतात. बाबुलालने रेडिएटर उतरवला, पुली काढली, नवं सील बसवलं. "जुनं रबर होतं भाऊ, कडक झालं होतं. आता पाह्य कशी चालते!" आठवडाही झाला नाही, तेल पुन्हा सुरू. मग त्याने नागपूरहून दुसरं सील आणवलं. तेही गळलं.

आता माणसाने मिस्त्रीला विचारावं ना, बाबा, असं का होतंय? छे! खुशाल स्टँडवर चहाचा कप घेऊन बसला आणि चार लोकांत बोलून गेला, "बाबुलाल बनावट माल टाकून राहिला. नव्या सीलच्या नावानं जुनंच चिकटवते." हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. जिभेला हाड नसतं, दुसरं काय! राइस मिलवाला टेकचंद तिथेच बसला होता. त्याचा ट्रक दुसऱ्याच आठवड्यापासून भंडाऱ्याच्या मिस्त्रीकडे जाऊ लागला. मग दोन जीपवालेही गेले. बाबुलालचं गॅरेज ओस पडायला लागलं आणि का, ते त्या बिचाऱ्याला कळेना.

आणि निर्लज्जपणा बघा, तेल गळतंच राहिलं तेव्हा खुशाल पुन्हा त्याच बाबुलालच्या दारात उभा! बाबुलालने या खेपेला सीलला हात लावला नाही. तो गाडीखाली आडवा झाला आणि इंजिनाच्या बाजूने खाली उतरलेली नळी चाचपू लागला. इंजिनाच्या पोटातली वाफ या नळीतून बाहेर पडते. त्याने पक्कडीने आत धरून ओढलं, तर तेलाने माखलेली हिरवी चिंधी हातभर बाहेर आली.

"अबे, नाक दाबलं का तोंड उघडनारच!" बाबुलाल ओरडला. "इंजिनचा सास कोंडला, मंग सारा जोर सीलवर. दहा सीलं टाकली असती तरी तेल फेकलंच असतं. अन् मी गाढव! मीबी पह्यलेच वाकून नाही पाह्यलो." त्याने स्वतःच्याच कपाळावर मारून घेतलं. खुशालने मात्र चिंधीचे लाल काठ ओळखले. ते त्याच्या बायकोच्या, रुखमाच्या फाटक्या लुगड्याचे होते. चिंधी उचलून तो घरी आला.

"हे काय करून ठेवलं तू?" त्याने बायकोपुढे चिंधी टाकली.

रुखमा तांदूळ पाखडत होती. "त्या नळीतून रोज काळं तेल टपके जी. सारवलेलं आंगन नासे. दिवाईची रांगोळी गेली, तवा कोंबली चिंधी. मले का मालूम, गाडी तिथून सास घेते म्हून?"

"तुह्यापायी बाबुलालवर आळ आला!"

रुखमाने सूप खाली ठेवलं. "चिंधी म्या कोंबली, बरोबर हाय. पन बाबुलालभाऊले चोर म्हना, असं म्या नाही सांगतलं तुमाले."

खुशाल त्या दिवशी जेवला नाही.

बाजाराच्या दिवशी तो स्टँडवर गेला आणि टेकचंदसमोर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबुलालचा माल खरा होता. बिघाड माह्या घरचा होता, बायकोनं नळीत चिंधी कोंबली होती. अन् बोललो तेबी मीच, खोटं बोललो." लोक खो खो हसले. "बायकोनं गाडीचं नाक बांधलं म्हनते!" टेकचंद मात्र हसला नाही. "सोमवारी पाठवतो ट्रक कारध्याले," एवढंच बोलला.

मग खुशाल कारध्याला गेला. तिथं त्याने बाबुलालला सारं सांगितलं, चिंधी कोणाची होती ते आणि स्टँडवर आपण काय काय बोललो तेही. सांगताना त्याची मान खालीच होती. वाटत होतं, आता पाना फेकून मारतो.

बाबुलालने हात पुसले. "तेल गळलं का धावत येत होता तू माह्याकडं," तो म्हणाला. "मनात शक आला, तवा काहून नाही आला बे?"

गाडीच्या टपावर डोकं टेकून खुशाल तिथेच रडला.